आदल्या रात्रीचं पुडिंग

सणाच्या जेवणातल्या गोड पदार्थाला मी एकच अट घालते. तो आदल्या रात्री पुरा झालेला हवा. ऐन पंगतीच्या वेळी कढईसमोर उभ्या राहून तळणाऱ्या, घाम पुसत वाढप्यांच्या हाती ताटं देणाऱ्या बायका मी लहानपणापासून बघत आले आहे. त्यांच्या हातचं खाऊन सगळे तृप्त होऊन उठतात, गप्पा रंगतात, फोटो निघतात आणि त्या बायका त्यातल्या एकाही फोटोत नसतात. आमच्या वसईतल्या धर्मग्रामात नाताळ आणि नववर्ष यांच्या मधल्या एका दुपारी ज्येष्ठांचं जेवण असतं. त्याच्या गोडाची जबाबदारी महिला मंडळाकडून माझ्याकडे आली, तेव्हा ही अट मनात धरूनच मी कॅरॅमल पुडिंग निवडलं.

दुसरं कारण जागेचं. चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात गॅसच्या मोठ्या शेगड्या आहेत, भलेमोठे टोप आहेत, पण ओव्हन नाही. केक बेकरीतून येतो आणि नाताळात केक हवाच. पण ऐंशीच्या पुढच्या माणसांना कोरडा केक चहात बुडवल्याशिवाय जात नाही. करंजी चावत नाही. तळलेले गोल फुगे ताजे असले तर ठीक, दुपारपर्यंत चिवट होतात. जिभेवर ठेवलं की विरघळेल, दाताला काम पडणार नाही आणि तरीही सणाचं वाटेल असं काही हवं होतं. वाफेवर होणारं दुधाचं पुडिंग या सगळ्यांत बसलं.

हा पदार्थ आमच्या भागाला परकाही नाही. वसई १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षं पोर्तुगीजांच्या ताब्यात होती, आणि दूध, अंडी, साखर यांचे पदार्थ म्हणजे पोर्तुगीज स्वयंपाकघराची जुनी आवड. गोव्यात तर साध्या खानावळीतही फिशकरी-भातानंतर कॅरॅमल पुडिंग विचारलं जातं. मुंबईत इराणी-पारशी हॉटेलांनी त्याला कॅरॅमल कस्टर्ड म्हणून घरोबा दिला. बॅलार्ड इस्टेटमधल्या, १९२३ साली सुरू झालेल्या ब्रिटानियात बेरी पुलावानंतर ते मागवणारे कित्येक जण माझ्या ओळखीचे आहेत. शिवाय ज्या महाराष्ट्रात खरवस घरोघरी वाफवला जातो, तिथे वाफेवर घट्ट झालेलं दूध कोणाला नव्यानं समजावावं लागत नाही. चिकातल्या प्रथिनांमुळे खरवस अंड्याशिवाय धरतो. साध्या दुधात ती ताकद नसते, म्हणून पुडिंगला अंडी लागतात. एवढाच काय तो फरक.

पुडिंगचं खरं काम दुधाला हात लावण्याआधीच सुरू होतं, साखरेपासून. हे काम मी कोणावर सोपवत नाही आणि ते चालू असताना कोणाशी बोलत नाही. जाड बुडाच्या स्टीलच्या पातेल्यात साखर घालायची, ती भिजण्यापुरतं पाणी घालायचं आणि मध्यम आचेवर ठेवायचं. काळं पातेलं किंवा नॉनस्टिक नको, त्यात रंग कळत नाही. आणि इथे सगळा खेळ रंगाचा आहे. आधी साखर विरघळते, मग पाक उकळायला लागतो, मोठमोठे बुडबुडे येतात. पाणी उडून गेलं की बुडबुड्यांचा आवाज बदलतो, ते लहान आणि दाट होतात. आता कडेला एका ठिकाणी पिवळसर छटा दिसते. पातेलं हलकेच गोल फिरवायचं, चमचा घालायचा नाही, कारण चमच्याला लागलेला साखरेचा एखादा कण पाकात पडला तर सगळ्याची पुन्हा रवाळ साखर होऊ शकते. पिवळ्याचा तांबूस होतो, तांबूसचा विटकरी. इथवर यायला वेळ लागतो. इथून पुढे मात्र वेळ मिळत नाही.

साखर साधारण १७० अंशांच्या आसपास पोचली की तुटायला लागते आणि तिच्यातून शेकडो नवे पदार्थ तयार होतात. त्यांतल्या काहींचा वास लोण्याचा, काहींचा भाजलेल्या दाण्यांचा, काही सरळ कडू. तापमान जितकं चढेल तितका गोडवा कमी आणि कडवटपणा जास्त. मंडळातल्या तरुण मुली या टप्प्याला घाबरतात आणि पाक सोनेरी झाला की पातेलं उतरवतात. त्यांचं भय मला समजतं, पण त्या पाकाचं पुडिंग नुसतं गोड लागतं. गोड दुधावर गोड पाणी. पुडिंगला जी खोली येते ती त्या कडवट काठामुळे. आमच्यातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या मावशींनी मला हे एका वाक्यात शिकवलं होतं: "धूर दिसेपर्यंत थांब, धूर वाढेपर्यंत थांबू नकोस, बाय." पहिली बारीक धुराची रेघ वर आली की गॅस बंद. पातेल्याचं गरम बूड रंग अजून थोडा पुढे नेतंच, त्याचा हिशोब आधीच धरायचा.

मग घाई. ॲल्युमिनियमचे डबे ओळीनं मांडून ठेवलेले असतात, कोरडे आणि किंचित गरम. एका हातात सांडशीनं पातेलं, दुसऱ्या हातात जाड फडक्यानं धरलेला डबा. पाक ओतायचा आणि डबा तिरका करून गोल फिरवायचा, म्हणजे तळ आणि कडेचा दोन बोटं भाग माखला जातो. हा पाक उकळत्या तेलाइतकाच वाईट भाजतो आणि वर चिकटून बसतो, म्हणून शेजारी थंड पाण्याचं भांडं ठेवते आणि लहान मुलांना स्वयंपाकघराच्या दाराबाहेर. मिनिटभरात डब्याच्या तळाशी पाकाची काच होते. डबे निवायला लागले की त्यांतून बारीक टक्, टक् असा आवाज येतो. थंड होणारा कॅरॅमल आक्रसतो आणि त्याला तडे जातात. ओळीतल्या सगळ्या डब्यांतून तो आवाज यायला लागला की पुढच्या कामाला मोकळं व्हायचं.

दूध म्हशीचं घेतो, जवळच्या तबेल्यातून. त्यात गाईच्या दुधापेक्षा स्निग्धांशही जास्त आणि प्रथिनंही जास्त, त्यामुळे पुडिंग दाट होतं. पण ते मलईसकट वापरलं तर वर तुपकट थर धरतो. एकदा उकळून, निववून, जाड साय काढून घेतली की बरोबर बसतं. पिशवीचंच घ्यायचं तर फुल क्रीम घ्यावं, त्यात सहा टक्के फॅट असतं. टोन्डमध्ये तीनच. टोन्ड दुधाचं पुडिंग धरतं, पण तोंडात पाणचट लागतं. अर्धा लिटर दुधाला चार अंडी हे माझं प्रमाण. डबा उपडा केल्यावर उभं राहायला तेवढी लागतातच. साखर बेताची, कारण खाली कॅरॅमल आहे.

अंडी फेटायची नाहीत, मोडायची. हा फरक नव्या मुलींना हात धरून दाखवावा लागतो. केकची सवय असल्यामुळे त्या फेस येईपर्यंत फेटतात आणि तोच फेस पुढे पुडिंगमध्ये छिद्रं होऊन बसतो. पळीनं किंवा काट्यानं सावकाश, भांड्याच्या तळाला लागून फिरवायचं. पांढऱ्याच्या लांब तारा तुटल्या की पुरे. त्यात साखर, मग कोमट दूध थोडं थोडं. कढत दूध एकदम ओतलं तर अंडं तिथेच शिजतं. हे सगळं मलमलच्या कापडातून गाळायचं. गाळणीत राहिलेल्या पांढऱ्या गाठी बघितल्या की हा टप्पा वगळावा असं पुन्हा कोणी म्हणत नाही. गाळून झाल्यावर मिश्रण तसंच थोडा वेळ ठेवावं, वरचे बुडबुडे आपोआप फुटतात. राहिलेले चमच्यानं काढावेत.

साखरेला प्रखर आच लागते. अंड्या-दुधाला ती मुळीच सोसत नाही. अंड्यातली प्रथिनं दुधात मिसळली की साधारण ८० अंशांच्या पुढे एकमेकांत गुंफतात आणि दुधाला आपल्या जाळीत धरून ठेवतात. आच आणखी चढली तर ती जाळी आवळली जाते आणि धरलेलं पाणी बाहेर टाकते. मग पुडिंगच्या कडेला छिद्रं दिसतात आणि ताटलीत पाणी सुटतं. उकळत्या पाण्याची वाफ शंभर अंशांची, म्हणजे आपल्याला हव्या त्या तापमानाच्या बरीच पुढे. त्यामुळे सगळी युक्ती वाफ मऊ ठेवण्यात आहे. मोठ्या टोपात तळाशी दुमडलेलं फडकं, त्यावर झाकण लावलेले डबे, डब्यांच्या निम्म्याला येईल इतकं गरम पाणी आणि गॅस इतका बारीक की पाणी थरथरत राहील, खदखदणार नाही. टोपाच्या झाकणाला आतून पंचा बांधायचा. नाहीतर झाकणावर जमलेली वाफ डब्यांवर गळते. घरी करताना मी कुकर वापरते, शिट्टी काढून ठेवून. इडलीपात्र किंवा मोदकपात्रही चालतं. लहान डब्याला अर्ध्या तासाच्या आसपास लागतं, मोठ्याला तासभर. घड्याळापेक्षा डबा हलवून बघावा. कडा स्थिर आणि मधला भाग किंचित डुलतोय, एवढ्यावर उतरवायचा. डुलणारा भाग उतरवल्यावर आपोआप धरतो. मधला भागही दगडासारखा स्थिर होईपर्यंत थांबलं तर उशीर झाला असं समजावं.

या जेवणाला चर्चच्या आसपासचे शेजारीही येतात. त्यांच्यात अंडं न खाणारी बरीच मंडळी आहेत. पहिल्यापासून मला एक गोष्ट नको होती: बाकीच्यांना पुडिंग आणि त्यांच्यासमोर फळांची फोड. सणाला बोलवायचं आणि ताटात वेगळं काढायचं, हे मला आतून लागतं. म्हणून चायना ग्रासचं पुडिंग वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या पळ्यांनी करतो, तितक्याच मेहनतीनं. जिलेटिन प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून होतं, तेव्हा ते यात येतच नाही. चायना ग्रास म्हणजे आगर, तांबड्या समुद्री शेवाळातून काढलेलं. लिटरभर दुधाला साधारण दहा ग्रॅम पुरतं. पट्ट्या थंड पाण्यात भिजवायच्या आणि मग त्याच पाण्यात एकही तार दिसेनाशी होईपर्यंत उकळायच्या. इथे कंटाळा केला तर पुडिंगमध्ये दोरे लागतात. कॅरॅमल तयार झाला की आधी त्यात कढत पाणी जपून ओतून पाक करून घ्यायचा (तो उसळतो, तोंड लांब ठेवावं), मग तो पाक कंडेन्स्ड मिल्क घातलेल्या गरम दुधात मिसळायचा. थेट दुधात कॅरॅमल ओतला तर त्याचे खडे होतात आणि ते विरघळवता विरघळवता दूध फाटण्याचा धोका. शेवटी गरम आगर गरम दुधात. थंड दुधात घातलं तर तिथल्या तिथे गोळे. आगर ३५ ते ४० अंशांना घट्ट होतं आणि एकदा घट्ट झालं की ८५ अंशांपर्यंत वितळत नाही. म्हणून डिसेंबरच्या रात्री ते फ्रिजबाहेरसुद्धा धरतं आणि दुपारच्या उन्हात ताटात पसरत नाही.

आगराचा हा गुण एका गृहिणीमुळे प्रयोगशाळेत पोचला, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवण्यासाठी जिलेटिन वापरत. ते उष्णतेनं वितळायचं आणि काही जंतू तर ते खाऊनच टाकायचे. तिथल्या वॉल्टर हेसे यांच्या पत्नी फॅनी हेसे आपल्या जेली आणि पुडिंगमध्ये आगर वापरत. ही माहिती त्यांना जावामध्ये राहून आलेल्या शेजाऱ्यांकडून मिळाली होती. त्यांनी १८८१ च्या सुमारास ते नवऱ्याला सुचवलं. आजही जगभरच्या प्रयोगशाळांत जंतू आगरावर वाढवतात. कॉख यांच्या लेखनात त्या काळी फॅनीबाईंचं नाव आलं नाही. पातेल्यात आगर ढवळताना मी मुलींना ही गोष्ट सांगते.

हल्ली धर्मग्रामातल्या कॉलेजच्या मुली तिसरा प्रकार करू बघतात: कंडेन्स्ड मिल्कचा डबा न उघडता पाण्यात उकळायचा, आतलं दूध तपकिरी, घट्ट होतं आणि मग बिस्किटांच्या थरांवर पसरायचं. दक्षिण अमेरिकेत दूध-साखर आटवून केलेला हा मलम फार लाडका आहे. पदार्थ सुंदर लागतो, पण बंद डबा उकळायला मी कोणालाही परवानगी देत नाही. पाणी आटून डबा उघडा पडला तर तो फुटतो आणि आतलं उकळतं दूध अंगावर येतं. त्याऐवजी दूध स्टीलच्या डब्यात काढावं, घट्ट झाकण लावावं आणि कुकरमध्ये पाण्यात ठेवून शिजवावं. कुकर पूर्ण निवेपर्यंत उघडू नये. इथला तपकिरी रंग पुडिंगच्या पाकातल्या रंगापेक्षा वेगळ्या वाटेनं येतो. तिकडे एकटी साखर जळते. इकडे दुधातली साखर आणि दुधातली प्रथिनं एकत्र तापून बदलतात. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामीय मायार यांनी १९१२ मध्ये या बदलाचं वर्णन केलं आणि तो त्यांच्याच नावानं ओळखला जातो. त्याला साखरेच्या जळण्याइतकी आच लागत नाही, लागतो तो वेळ. बेळगावच्या कुंद्याचा आणि साताऱ्याच्या कंदी पेढ्याचा रंग यानंच येतो. तासन्‌तास खवा परतणाऱ्या हातांना हे कधीपासून ठाऊक आहे.

सगळं होईपर्यंत रात्र झालेली असते. आता प्रश्न फ्रिजचा. हॉलमधला फ्रिज पेयांनीच भरलेला, एवढे डबे एका जागी मावणं अशक्य. मग आळीतल्या घराघरांतून डबे जातात. कोणी भाजीचा कप्पा रिकामा करून ठेवलेला असतो, कोणी दुधाच्या पिशव्या शेजारी पाठवलेल्या असतात. एका घरी तर सासूबाईंनी स्वतःच्या इन्सुलिनच्या बाटल्या वरच्या कप्प्यात सरकवून दोन डब्यांना जागा केली होती. प्रत्येक डब्यावर कागदाची चिठ्ठी, अंड्याचं की बिनअंड्याचं. रंग जवळपास सारखाच, चिठ्ठी निघाली तर ओळखणं कठीण. म्हणून बिनअंड्याच्या डब्यांना मी सुतळीही बांधते.

ती रात्र वगळता येत नाही. तळाशी कडक झालेला कॅरॅमल पाणी ओढून घेतो आणि पुडिंगमधल्या ओलाव्यात रात्रभर सावकाश विरघळतो. संध्याकाळी केलेलं पुडिंग दोन तासांत काढलं तर निम्मा कॅरॅमल डब्यालाच चिकटून राहतो आणि पुडिंग कोरडं निघतं. आठ-दहा तास गेले की तळाची काच पातळ, काळसर, वाहता पाक होते आणि थोडी पुडिंगच्या अंगात मुरते. हे काम बाईला करावं लागत नाही, आपण झोपलेलो असताना होतं. सणाच्या पदार्थांत मला हा सगळ्यांत आवडतो तो यासाठीच. दुसऱ्या दिवशी डबे बर्फाच्या खोक्यातून हॉलवर आणायचे आणि जेवण संपत आलं की मगच काढायचे. दूध-अंड्याचा पदार्थ दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देत नाही, वयस्कर माणसांच्या बाबतीत तर अजिबातच नाही.

डबा काढताना कडेनं पातळ सुरी फिरवायची, तळ क्षणभर गरम पाण्यात बुडवायचा, वर खोलगट ताट ठेवून एका झटक्यात उलटायचं. ताट सपाट घेतलं तर पाक टेबलावर. डबा उचलण्याआधी आतून एक मऊ, ओला आवाज येतो. तो आला की उतरलं. वर काळसर तपकिरी चकाकी, खाली हस्तिदंती अंग आणि कडेनं पसरत जाणारा पाक. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना मी लहान तुकडा देते आणि पाक वरून घालत नाही. ते तक्रार करतात, मी ऐकून घेते. एक आजोबा दरवर्षी रिकाम्या ताटाकडे बोट दाखवतात, उरलेला पाक चमच्यानं मागतात आणि भाताच्या शेवटच्या घासाबरोबर खातात. वाढून झालं की मंडळातल्या सगळ्या बायका हातातलं ठेवून त्याच टेबलांवर बसतात. शेगड्या बंद असतात, तळायला काही नसतं. आमचे फादर सांगतात ते गाणं आम्ही बसूनच म्हणतो.

वासाचा वाद मात्र मिटलेला नाही. तरुण मुलींना व्हॅनिला हवं, कारण पुडिंग म्हणजे व्हॅनिला असं त्यांनी ठरवलंय. वडीलधाऱ्या मावशींना जायफळ. माझं मत मावशींच्या बाजूनं आहे. बाटलीतला इसेन्स दोन थेंब जास्त पडला की अंड्याचा वास जातो, पण त्याबरोबर दुधाचाही जातो. आणि इतक्या सांभाळून जाळलेल्या साखरेचा सुगंध तर पहिल्यांदा झाकला जातो. जायफळ दुधात चिमूटभर उगाळून घातलं तर कॅरॅमलच्या कडवटपणाशी त्याचं जमतं. या वर्षी शेजारच्या मावशीबाईंनी तिसरीच मागणी केली आहे: बिनअंड्याच्या पुडिंगमध्ये केशर-वेलची घालावी. केशर वाया जाईल, काळ्या पाकासमोर त्याचा रंगही दिसणार नाही आणि वासही टिकणार नाही, असं मी त्यांना सांगितलं. वेलचीला मात्र माझी हरकत नाही. एका डब्यात घालून बघू म्हटलंय, सुतळीला दोन गाठी मारून.